दणकट सौर डिजिटल घड्याळ रोजच्या कामाला: निवडीपासून सेल बदलण्यापर्यंत

दणकट घड्याळ घेतलं की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती आपटण्याची. ती काळजी घड्याळ बनवणाऱ्यांनी आधीच केलेली असते. सौर घड्याळं, म्हणजे उजेडावर सेल चार्ज करणारी, बंद पडतात ती बहुतेक वेळा अंधारामुळे. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिली, लांब बाहीखाली झाकली गेली, की त्यांचा सेल उतरतो. आणि ती खराब होतात ती घाम, रसायनं आणि उष्णतेमुळे. हे दोन मुद्दे सांभाळले तर असं घड्याळ अनेक वर्षं सेल न बदलता चालतं. पुढची उदाहरणं मुख्यतः कॅसिओच्या जी-शॉक घड्याळांची आहेत. १९८३ साली डीडब्ल्यू-५०००सी या मॉडेलनं हा प्रकार सुरू केला. किकुओ इबे या अभियंत्यानं त्यासाठी तीन अटी ठरवल्या होत्या: १० मीटरवरून पडलं तरी चालावं, १० बार दाबाचं पाणी सोसावं आणि सेल १० वर्षं टिकावा. इतर कंपन्यांच्या सौर डिजिटल घड्याळांनाही इथल्या बहुतेक गोष्टी लागू पडतात, फक्त बटणांची नावं आणि आकडे वेगळे असतील.

घेण्याआधी काय पाहायचं

आधी घड्याळ उलटं करा. मागच्या झाकणावर छोट्या चौकटीत चार आकडी मॉड्यूल (आतली यंत्रणा) क्रमांक कोरलेला असतो. बाहेरून सारखी दिसणारी दोन घड्याळं आतून पूर्ण वेगळी असू शकतात, आणि ते या क्रमांकावरूनच कळतं. मॅन्युअलही याच क्रमांकानं शोधायचं, मॉडेलच्या नावानं नाही.

मग ते खरंच सौर आहे का, ते पाहा. काही स्वस्त घड्याळांच्या तबकडीवर सौर पट्टीसारखी नक्षी नुसती छापलेली असते आणि आत साधा सेल असतो. खऱ्या सौर मॉडेलवर बहुधा सेलची पातळी दाखवणारी खूण असते, आणि मॅन्युअलमध्ये रिचार्ज होणाऱ्या सेलचा उल्लेख असतो. या दोन्ही गोष्टी सापडल्या नाहीत तर ते घड्याळ सौर म्हणून घेऊ नका.

डिस्प्ले निवडताना दिसण्यावर जाऊ नका. उजळ पार्श्वभूमीवर काळे आकडे असलेला डिस्प्ले कामाच्या जागी सरस ठरतो. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकडे असलेला डिस्प्ले देखणा असतो, पण मंद उजेडात आणि तिरप्या कोनातून तो वाचायला त्रास होतो. मग माणूस सारखा दिवा लावतो आणि सेल उतरत राहतो. ध्रुवीकृत (पोलराइज्ड) गॉगल वापरत असाल तर तो घालूनच डिस्प्ले वेगवेगळ्या कोनांतून पाहा, कारण काही कोनांत आकडे पूर्ण काळवंडतात.

आकार आणि वजन हातावर घालूनच ठरवा. जीडब्ल्यू-एम५६१० हे चौकोनी मॉडेल सुमारे ५२ ग्रॅमचं आहे. होकायंत्र, उंची आणि हवेचा दाब मोजणारं जीडब्ल्यू-९४०० सुमारे ९३ ग्रॅमचं आहे. दिवसभर हातमोजे घालायचे, बाही खालीवर करायची, अरुंद जागेत हात घालायचा, असं काम असेल तर पातळ आणि हलकं घड्याळच घ्या. जाड घड्याळ सारखं अडकतं, मग ते काढून खिशात जातं, आणि खिशात उजेड नसतो.

आपोआप वेळ जुळवण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात घड्याळ दीर्घ लहरींवरचा रेडिओ संकेत पकडतं. असे संकेत जपानमधून ४० आणि ६० किलोहर्ट्झवर, अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६०, ब्रिटनमधल्या अँथॉर्नहून ६०, जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ आणि चीनमधल्या शांगचिऊहून ६८.५ किलोहर्ट्झवर प्रसारित होतात. कॅसिओच्या मॅन्युअलमध्ये यांची पोच ढोबळमानानं १,००० ते ३,००० किलोमीटर दिली आहे. त्या टप्प्याबाहेर राहत असाल तर या सुविधेसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसरा प्रकार ब्लूटूथचा आहे. जीडब्ल्यू-बी५६०० सारखं मॉडेल फोनशी दिवसातून चार वेळा जोडून वेळ सुधारून घेतं. हे जगात कुठेही चालतं, फक्त फोन जवळ असावा लागतो आणि सेलवर थोडा जास्त भार येतो. दोन्हींपैकी काहीच नसलं तरी बिघडत नाही. या घड्याळांची अचूकता साधारणपणे महिन्याला १५ ते ३० सेकंदांच्या आत असते.

पहिला दिवस

१. काचेवरची आणि मागची पारदर्शक फिल्म काढून टाका. ती ठेवली तर काच सुरक्षित राहील असं वाटतं, पण तिच्या कडेला मळ साचतो आणि सौर पट्टी झाकली जाते.

२. सेलची पातळी पाहा. अनेक मॉडेलांवर ती एच (भरलेला), एम (मध्यम), एल (कमी) अशी दिसते. दुकानात घड्याळ बंद खोक्यात पडून असतं, त्यामुळे एम किंवा एल दिसलं तर तो दोष समजू नका. आधी चार्ज करा आणि मगच बाकीची सेटिंग करा, कारण एलवर दिवा, आवाज आणि संकेत पकडणं ही कामं बंद राहतात.

३. आधी शहर, मग वेळ. वर डावीकडचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की शहराच्या नावाची खूण लुकलुकायला लागते. तुमच्या प्रमाणवेळेचं शहर निवडा. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शहर तसंच ठेवून नुसते तास-मिनिटं बदलली, तर समोरची वेळ बरोबर दिसते, पण जगातल्या बाकी शहरांच्या वेळा चुकतात. नंतर कधीतरी शहर दुरुस्त केलं की चालू वेळही त्याबरोबर सरकते.

४. खाली डावीकडच्या मोड बटणानं एकेक घर पुढे जा: उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेण्याची पद्धत), १२ किंवा २४ तास, सेकंद, तास, मिनिटं, वर्ष, महिना, तारीख. तुमच्या भागात उन्हाळी वेळ पाळत नसतील तर ती बंद आहे याची खात्री करा. वर्ष बरोबर घातलं की वार आणि लीप वर्ष घड्याळ २०९९ पर्यंत स्वतः सांभाळतं.

५. सेकंद शेवटी जुळवा. खात्रीच्या वेळेचं मिनिट पूर्ण होताच सेकंदांच्या घरात खाली उजवीकडचं बटण दाबा. सेकंद ० ते २९ मध्ये असतील तर नुसते शून्य होतात. ३० ते ५९ मध्ये असतील तर शून्य होतात आणि मिनिट एकानं वाढतं. हे ठाऊक नसलं की घड्याळ एक मिनिट पुढे जातं आणि कारण सापडत नाही.

६. बटणांचा टुकटुक आवाज नको असेल तर तो बंद करता येतो. अनेक मॉडेलांवर त्यासाठी मोड बटण थोडा वेळ दाबून धरायचं असतं. यामुळे गजर बंद होत नाही.

उजेडाचा हिशेब

जीडब्ल्यू-एम५६१० सारख्या घड्याळाचा रोजचा खर्च भागवायला लागणारा उजेड मॅन्युअलमध्ये असा दिला आहे. बाहेरच्या उन्हात, म्हणजे सुमारे ५०,००० लक्समध्ये (लक्स हे उजेडाचं एकक), ५ मिनिटं. खिडकीतून आत येणाऱ्या उन्हात, १०,००० लक्सला, २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीपाशी, ५,००० लक्सला, ४८ मिनिटं. आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली, ५०० लक्सला, ८ तास.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. उन्हातली ५ मिनिटं आणि दिव्याखालचे ८ तास सारखेच. म्हणजे दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्याचं घड्याळ जेमतेम बरोबरी साधतं, तीही बाही वर असेल तरच. पूर्ण बाहीचा शर्ट, जॅकेट किंवा हातमोजे वापरणाऱ्यांच्या घड्याळाला प्रत्यक्षात जवळपास काहीच मिळत नाही. अशांनी आठवड्यातून एकदा घड्याळ काढून दोन-तीन तास खिडकीत ठेवावं. तेवढं पुरतं. बाहेर काम करणाऱ्यांनी काहीच करायची गरज नाही.

ठेवताना तबकडी उजेडाकडे हवी. पट्टा बंद करून घड्याळ आडवं टाकलं की तोंड भिंतीकडे जातं आणि दिवस फुकट जातो. पट्टा एखाद्या कपाभोवती किंवा डब्याभोवती गुंडाळा, म्हणजे तोंड बाहेर राहतं. चौकोनी मॉडेलमध्ये सौर पट्टी आकड्यांभोवतीच्या गडद कडेत असते. काचेवर बारीक ओरखडे असले तर फरक पडत नाही, पण रंग, सिमेंट किंवा ग्रीस चिकटलेलं असेल तर पडतो.

उष्णतेपासून मात्र जपा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पत्र्यावर उन्हात ठेवू नका, तापणाऱ्या दिव्याच्या जवळ नेऊ नका. लवकर चार्ज व्हावं म्हणून लोक नेमकं हेच करतात. घड्याळ फार तापलं की डिस्प्ले पूर्ण काळा पडतो. थंड झाल्यावर तो बहुतेक वेळा पूर्ववत होतो, पण वारंवार असं झालं तर सेल आणि डिस्प्ले दोन्हींचं आयुष्य घटतं. हाताला चटका बसेल इतकं घड्याळ तापलं तर ती जागा चुकीची आहे.

पूर्ण उतरलेलं घड्याळ तासाभरात उठेल अशी अपेक्षा ठेवू नका. चांगल्या उन्हात काही तासांनी आकडे दिसू लागतात, पण एच पातळी गाठायला अनेक तासांचं ऊन लागतं आणि ते काही दिवसांत विभागून द्यावं. नुसत्या ट्यूबलाइटखाली मेलेला सेल पूर्ण भरणं व्यवहारात शक्य नाही. पूर्ण उतरल्यावर वेळ आणि सेटिंग पुसली जातात, ती पुन्हा घालावी लागतात.

आकडे गायब होतात तेव्हा

सकाळी अंधारातून घड्याळ उचललं आणि डिस्प्ले कोरा दिसला, की नवा मालक घाबरतो. बहुतेक वेळा घड्याळ नुसतं झोपलेलं असतं. वीज वाचवण्याची सोय चालू असेल आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात घड्याळ तासाभरापेक्षा जास्त अंधारात राहिलं तर आकडे विझतात, बाकी सगळं चालू राहतं. सहा-सात दिवस सलग अंधारात राहिलं तर गाढ झोप लागते. मग गजर आणि दिवाही बंद होतात, फक्त आतली वेळ चालू राहते. कोणतंही बटण दाबा किंवा उजेडात न्या, ते जागं होतं. उजेडात जागं व्हायला एक-दोन सेकंद लागू शकतात.

ही सोय चालूच ठेवा. पूर्ण चार्ज झालेलं घड्याळ उजेडाशिवाय नेहमीच्या वापरात साधारण १० महिने आणि झोपेत साधारण २२ महिने तग धरतं, असं कॅसिओ सांगतं. जे घड्याळ सणासुदीलाच बाहेर निघतं, त्याला महिन्यातून एक दिवस खिडकीत ठेवा. वर्षानुवर्षं पूर्ण उतरलेल्या अवस्थेत राहिलेला सेल पुढे चार्ज धरेनासा होतो.

कामात वापरताना

टायमर हा या घड्याळाचा सगळ्यात उपयोगी भाग. पण घेताना एक बघा: काही मॉडेलांत टायमर फक्त मिनिटांच्या पटीत लावता येतो, सेकंदांत नाही. प्रयोगशाळेत किंवा स्वयंपाकघरात ९० सेकंद मोजायचे असतील तर हे अडतं. आपोआप पुन्हा सुरू होणारा टायमर असेल तर ठरावीक अंतरानं करायच्या कामाला तो उत्तम. एकदा लावला की पुन्हा हात लावावा लागत नाही.

गजर सुमारे १० सेकंद वाजतो. स्नूझ असलेला गजर पाच-पाच मिनिटांनी सात वेळा वाजतो, म्हणून उठण्यासाठी तोच लावा. आवाज बारीक असतो. यंत्रांच्या गोंगाटात, जाड बाहीखाली किंवा ऐकू कमी येत असेल तर त्यावर विसंबू नका, कंपन असलेलं मॉडेल घ्या.

मनगट वळवलं की आपोआप लागणारा दिवा बंद ठेवलेला बरा. हातोडी मारताना, गाडी चालवताना तो विनाकारण पेटत राहतो. लागोपाठ दिवा आणि आवाज वापरले तर डिस्प्लेवर आर किंवा रिकव्हरीची खूण येते आणि ही कामं थोडा वेळ थांबतात. थोड्या काळात जास्त वीज ओढल्यामुळे हे होतं आणि काही वेळानं आपोआप सुरळीत होतं. रोजच येऊ लागलं तर उजेड कमी पडतोय.

फिरत्या यंत्रावर काम करताना, मग ते लेथ असो की ड्रिल, घड्याळ काढून ठेवा. याचा पट्टा दणकट असतो, तो तुटून हात सोडवणार नाही. विजेच्या कामातही काढा: पट्टा वीज वाहू देत नसला तरी मागचं झाकण आणि बकल धातूचं असतं. चुंबकाची मात्र काळजी नको. निव्वळ डिजिटल घड्याळात काटे फिरवणारी मोटर नसते, त्यामुळे वेळेवर त्याचा परिणाम होत नाही. होकायंत्र असलेल्या मॉडेलची दिशा तेवढी बिघडू शकते, ती पुन्हा जुळवावी लागते.

पाणी

२०० मीटर किंवा २० बार लिहिलेलं घड्याळ पोहताना, पावसात, भांडी घासताना खुशाल घाला. दोन गोष्टी टाळा. पाण्यात असताना बटणं दाबू नका. आणि गरम पाणी, वाफ, सॉना यांपासून दूर ठेवा. पाणी आत जाऊ न देणारे रबरी गॅस्केट उष्णतेनं आणि साबणानं लवकर म्हातारे होतात. तापलेलं घड्याळ एकदम थंड पाण्यात बुडवलं तर आतली हवा आकसते आणि कमजोर गॅस्केटमधून ओल आत ओढली जाते. काचेच्या आत धुकं दिसलं आणि लवकर गेलं नाही, तर ते उघडून गॅस्केट बदलून घ्या. ओलीनं आतले संपर्कबिंदू गंजतात.

स्वच्छता आणि रसायनं

आठवड्यातून एकदा साध्या पाण्याखाली धरा, सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन पट्ट्याची आतली बाजू, बकल आणि बटणांभोवतीची जागा घासा, धुवा, पुसून सावलीत वाळवा. समुद्राच्या पाण्यातून आल्यावर किंवा खूप घाम आल्यावर त्याच दिवशी धुवा. मनगटावर पुरळ येतं ते बहुधा पट्ट्याखाली साचलेल्या घाम-साबणामुळे. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतका सैलपणा ठेवा.

पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि डास पळवणारी डीईईटीयुक्त मलमं रेझिनचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) पट्टा खातात. चुकून लागलंच तर लगेच साबणानं धुवा. अडकणारं बटण तेल घालून सोडवू नका. घड्याळ काही वेळ साध्या पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून पूर्ण कोरडं करा आणि मगच बटण काही वेळा दाबा. आत साचलेलं मीठ किंवा धूळ बहुतेक वेळा यानं निघते.

पट्टा आणि बेझल

रेझिन कायम टिकत नाही. हवेतली ओल आणि घाम हळूहळू त्याची रचना तोडतात. पट्टा आधी कडक होतो, मग भोकांपाशी आणि घड्याळाला जोडतो तिथे चिरा पडतात, कधी चिकटपणा येतो. यात घड्याळाचा दोष नाही, हे भाग बदलण्यासाठीच असतात. चीर दिसताच पट्टा बदला. घड्याळ हरवतं ते बहुधा पट्टा तुटल्यामुळे. नवा पट्टा आणि बेझल (काचेभोवतीची चौकट) मॉडेल क्रमांक जुळवूनच मागवा. बेझलचे स्क्रू बारीक असतात आणि त्यांची खाच सहज झिजते. बरोबर मापाचा, नवा, टोकदार स्क्रू ड्रायव्हर वापरा, सरळ दाब देऊन फिरवा. घट्ट बसलेला स्क्रू जोरानं फिरवू नका, थोडा पुढे-मागे हलवून सैल करा.

सेल

पातळी पुन्हापुन्हा एलवर येत असेल, दोन-तीन दिवस पूर्ण ऊन देऊनही एच गाठत नसेल, किंवा गाठून एका रात्रीत खाली येत असेल, तर सेल थकला आहे. चांगल्या वापरात हा दिवस अनेक वर्षांनी येतो.

इथे एकच चूक घातक आहे. अनेक मॉडेलांत सीटीएल१६१६ हा रिचार्ज होणारा २.३ व्होल्टचा सेल असतो. सीआर१६१६ हा साधा ३ व्होल्टचा सेल अगदी त्याच आकाराचा आहे आणि सहज बसतो. पण तो चार्ज होण्यासाठी बनलेला नाही. सौर पट्टी त्यात वीज ढकलत राहते आणि तो गळतो किंवा फुटतो. दुरुस्तीवाल्याला सेलचा पूर्ण क्रमांक सांगा आणि बसवण्याआधी डोळ्यांनी तपासा.

स्वतः बदलणार असाल तर मागचे चार स्क्रू काढा, झाकणाखालच्या रबरी थराची दिशा आणि छोट्या बझरच्या स्प्रिंगची जागा आधी फोटो काढून ठेवा. ती स्प्रिंग हरवली की आवाज कायमचा जातो. सेलला बोटं लावू नका, प्लास्टिकच्या चिमट्यानं उचला. नवा सेल बसवल्यावर मॉड्यूलवर एसी (ऑल क्लिअर, म्हणजे सगळं पुसून नव्यानं सुरू करणं) असं लिहिलेला बिंदू आणि सेलची धन बाजू धातूच्या चिमट्यानं सुमारे दोन सेकंद जोडा. हे केलं नाही तर डिस्प्ले कोरा किंवा विचित्र राहतो आणि नवा सेलच खराब असल्याचा भास होतो. गॅस्केट पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, केस किंवा धागा अडकलेला नाही ना ते पाहा, आणि चारही स्क्रू तिरप्या क्रमानं थोडेथोडे आवळा. नंतर घड्याळ एक दिवस उजेडात ठेवा. पाण्यात नेण्याआधी शक्य असेल तर दाबाची चाचणी करून घ्या. ती झाली नसेल तर तोवर ते घड्याळ फक्त पावसाच्या शिंतोड्यांपुरतं जलरोधक समजा.